द्रावकाला पाप-पुण्य असते का?

मानखुर्दला लागूनच, तुर्भ्याच्या डोंगरापलीकडे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथला प्लुटोनियम प्रकल्प 1964 मध्ये सुरू झाला. त्याच्या मुळाशी एक साधे द्रावक द्रव आहे: ट्रायब्युटिल फॉस्फेट.

फॉस्फेटला तीन ब्युटिल गट जोडलेले, प्रत्येकात चार कार्बन. या शेपट्यांमुळे ते तेलासारखे पाण्यावर तरंगते. अणुभट्टीतले वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात हे द्रव केरोसीनसारख्या तेलात मिसळून घुसळतात. युरेनियम आणि प्लुटोनियम वरच्या थरात येतात, बहुतेक किरणोत्सारी कचरा खाली आम्लात राहतो.

इथेच धर्मप्रश्न उभा राहतो. 18 मे 1974 च्या पोखरण स्फोटातले प्लुटोनियम याच प्रकल्पातून आले. याच प्रक्रियेतून उरलेल्या कचऱ्यातले सीझियम-137 वेगळे काढून रक्तपेढ्यांतील रक्त किरणांनी सुरक्षित करण्याच्या यंत्रांत वापरले जाते. मग हे द्रव तारक की मारक?

सांख्यांच्या मते प्रकृती जड आहे, तिला स्वतःचा हेतू नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे (साधने), चेष्टा आणि दैव. साधन त्या यादीत आहे, पण कर्त्याची जागा ते घेत नाही.

म्हणून दोष किंवा श्रेय द्रवाच्या माथी मारता येत नाही. ते द्रव कशासाठी वापरायचे हे माणसे ठरवतात, आणि ती जबाबदारी फक्त शास्त्रज्ञांची नाही. लोकशाहीत ती मत देणाऱ्या प्रत्येकाची आहे. अणुधोरणावरची चर्चा तज्ज्ञांवर सोडून आपण मोकळे होऊ नये.