गणवेश घेताना : देश, काळ, पात्र



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

आहार, यज्ञ आणि तप यांचे तीन-तीन प्रकार सांगून झाल्यावर भगवंत दानाकडे वळतात. सात्त्विक दान कोणतं? देणं हे आपलं कर्तव्यच आहे अशा भावनेनं दिलेलं, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्याला दिलेलं आणि देश, काळ, पात्र पाहून दिलेलं. राजस दानात नजर फळावर असते आणि देताना जीव कष्टी होतो. तामस दान भलत्या जागी, भलत्या वेळी आणि घेणाऱ्याचा अवमान करून दिलेलं असतं.

हे श्लोक आजच का काढले, तर सध्या शाळाशाळांतून १५ ऑगस्टच्या संचलनाची तयारी चालू आहे. एका पालकसभेत बँड पथकाच्या नव्या गणवेशाचा विषय निघाला. कोट लाल की निळा, टोपीला तुरा हवा की नको, खांद्यावर सोनेरी झालर किती रुंद, यावर तासभर चर्चा रंगली. हौस होती, आणि हौस असावीच. पण बघा, गणवेश वरवर खरेदी वाटली तरी ते मोठ्यांनी मुलांना दिलेलं देणं आहे. तेव्हा त्याला भगवंतांचीच कसोटी लावून पाहू.

पहिला देश. बँडचा तो जाड, बंद गळ्याचा कोट लष्करी बँडवरून आपल्याकडे आला. आपली रत्नागिरी म्हणजे समुद्रकाठ. जरा ऊन पडलं की अंगाला चिकचिक, आणि पाऊस लागला की कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. त्यात पोटावर मोठा ढोल बांधून अर्धा तास चालायचं! पांढरी पँट तर पहिल्याच सरावात तांबड्या मातीनं रंगते, आणि तो डाग घासून जात नाही. म्हणून सुती मिश्रणाचं हलकं कापड, गडद रंगाची पँट आणि काढून धुता येईल अशी झालर बरी. पसंत पडलेल्या कापडाचा तुकडा आधी घरी भिजवून बघावा. रंग सुटतो का, किती आटतो, ते एका रात्रीत कळतं.

दुसरा काळ. इथे जरा थांबूया. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मिरकरवाड्याच्या बंदरात नौका उभ्या असतात. आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो, बागेतली मजुरी थांबलेली असते. वह्या, पुस्तकं, दप्तर, रेनकोट हा सगळा खर्चही याच दिवसांतला. त्यातच बँडच्या गणवेशाची वर्गणी मागितली, तर नौकेवर खलाशी असलेल्या बापाची लेक काय करेल? "आमच्याकडे पैसे नाहीत," असं ती नाही हो म्हणणार. "माझा हात दुखतो, मला बँडमध्ये नको," असं बाईंना सांगेल आणि साइड ड्रम खाली ठेवेल. कुणाला काही कळणारही नाही. चुकीच्या वेळी मागितलेली वर्गणी अशी गुपचूप एक मूल कमी करते.

यावर उपाय अवघड नाही. गणवेश शाळेच्या मालकीचे असावेत. लहान, मध्यम, मोठा अशा मापांत शिवावेत, बाह्यांना आणि पँटला दोन बोटं दाब ठेवावा, म्हणजे वाढत्या अंगाला उसवून पुरतो. कार्यक्रमाच्या दिवशी प्रत्येकानं शाळेच्या कपाटातून घ्यायचा आणि धुऊन, कडक वाळवून परत करायचा. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून कपाट कोरडं ठेवायचं. ज्यांना शक्य आहे त्यांनी शाळेला पैसे द्यावेत, जमेल तेव्हा आणि जमेल तेवढे.

तिसरं पात्र. वर्गात नावं वाचून "पैसे न भरलेले उभे राहा" म्हटलं, की पुढे तोच गणवेश फुकट दिला तरी ते दान तामसच. देणगीदाराचं नाव पोरांच्या पाठीवर भरतकामात काढलं, की ते राजस. कपाटातून निघालेल्या गणवेशावर कुणी दिला आणि कुणाला दिला हे लिहिलेलं नसतं, हेच त्याचं भूषण. आणखी एक गोष्ट, मुलींची मापं बाईंनीच घ्यावीत आणि कपडा वाजवताना अवघडणार नाही असा आहे ना, हे मुलींनाच विचारावं. ज्याला द्यायचं त्याला विचारणं हादेखील पात्राचा मानच आहे.

आपल्या गावाला हा धडा नवा नाही. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या दानातून इथे पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि त्याचं दार सगळ्या जातींच्या हिंदूंना उघडं झालं. ते दान माणसांना एका ओळीत आणण्यासाठी होतं. बँडची ओळ ही त्याचीच धाकटी बहीण समजा. एक पाऊल, एक ताल, एक वेश. पण ज्या वेशाच्या किमतीपायी एखादं मूल ओळीबाहेर पडतं, त्याला गणवेश कसं म्हणायचं? गणातला एकजण तर घरीच राहिला!

आजचा संकल्प एवढाच : आपल्या ओळखीच्या शाळेत गणवेशाची वर्गणी निघाली असेल, तर आपला वाटा मुकाट्यानं भरावा, आणि जमलं तर आणखी एकाचा. कुणाचा, ते विचारू नये.

पांडुरंगा, देणाऱ्या हाताला विसर दे आणि घेणाऱ्या मानेला ताठ ठेव.

राम कृष्ण हरि!