सही धाकट्याची, पाळी थोरल्याची

प्रश्न : मी पदवीधर, निवृत्तीनंतर गावी राहतो. भावकीत शिकलेला मी एकटाच. त्यामुळे पीकविम्याचे अर्ज, सातबाऱ्यावरच्या नोंदी, सगळं माझ्याकडे येतं. आमचं वाटणीपत्रही मीच लिहिलं. सामाईक विहिरीवर दिवसा वीज असते त्या पाळ्या मी स्वतःकडे ठेवल्या, रात्रीच्या धाकट्या चुलतभावाकडे. ‘दादा, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच,’ म्हणत त्यानं न वाचता सही केली. कायद्यानं यात गैर काही नाही. बुद्धी देवानं दिली, ती मी वापरली. मग मन का खातं?

उत्तर : मन खातंय, कारण दोष घडला आहे. तुम्ही कॉलेजात होता तेव्हा घरची गुरं कोण राखत होतं, पिकाला पाणी कोण धरत होतं? एका घरातला एक जण शिकतो, तेव्हा बहुतेकदा दुसऱ्यानं शेत सांभाळलेलं असतं. ज्या शिक्षणात त्याचेही कष्ट आहेत, तेच तुम्ही त्याच्यावर चालवलंत. आता थंडीत, अंधारात, सापकिरडाच्या वाटेनं मोटार सुरू करायला तो जाणार.

‘कायद्यानं गैर नाही’ हे तर सुप्याचे सावकारही म्हणू शकले असते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या त्या गावी शेतकरी उठले आणि त्यांनी कर्जखतं हिसकावून जाळली. खतांवर निशाण्या त्यांच्याच होत्या. आत काय लिहिलंय हे मात्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यानं अखेर कोर्टांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला लावलं. नुसत्या सहीला संमती मानता येत नाही, हे इंग्रज सरकारलाही पटलं होतं.

देवाचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून देहूची आठवण करून देतो. तुकोबांच्या घरी सावकारी होती. खतांचे दोन वाटे करून त्यांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडला आणि धाकट्या कान्होबाचा त्याच्या हाती दिला, अशी कथा संतचरित्रकार महिपतींनी सांगितली आहे. त्यागाबद्दल सगळेच बोलतात. मला त्यातला दुसरा वाटा फार मोलाचा वाटतो. थोरलेपणाच्या जोरावर तुकोबांना सगळीच खतं बुडवता आली असती, पण भावाच्या वाट्याचा निर्णय त्यांनी भावावर सोडला.

तुम्हीही तेवढंच करा. चुलतभावाला, त्याच्या बायकोला आणि कळत्या मुलांना बसवून वाटणीपत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा. पाळ्यांचं कलम आलं की तिथं आपली सोय पाहिली हे स्पष्ट सांगा. मग त्यांना बोलू द्या, तुम्ही गप्प राहा. लगेच सही घेऊ नका. हवं तर दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायला चार दिवस द्या. दस्त नोंदवून झाला असला, तरी दोघांच्या संमतीनं पाळ्या बदलणारा पुरवणी दस्त करता येतो. रब्बीची पाणीपाळी सुरू होण्याआधी तो करून घ्या.