दुसऱ्याची इच्छा आणि निवेदकाचा अधिकार

जपानी भाषेच्या प्रारंभिक पाठांत इच्छा व्यक्त करण्याची रीत येते तेव्हा मराठी विद्यार्थ्याला ती प्रथम ओळखीची वाटते. ‘मिझु गा होशिई’ या वाक्यात हवी असलेली वस्तू कर्त्याच्या स्थानी असते. ‘मला पाणी हवे’ यातही ‘मी’ चतुर्थीत मागे सरतो. (‘पाहिजे’ हे तर मुळातच जुने कर्मणी रूप.) अडचण वडिलांविषयी बोलताना उद्भवते. ‘वडिलांना पाणी हवे’ हे मराठीत निर्वेध विधान आहे. जपानीत ‘होशिई’ तृतीय पुरुषाला सहसा सरळ लावता येत नाही. तेथे ‘होशिगात्ते इरु’, म्हणजे हवे असल्याची लक्षणे दिसतात, असे म्हणावे लागते, किंवा ‘असे म्हणतात’, ‘असे दिसते’ अशी पुस्ती जोडावी लागते. स्वतःच्या इच्छेचे ज्ञान आणि परक्या इच्छेचे अनुमान यांतील भेद तेथे व्याकरणच राखते.

एस. वाय. कुरोदा यांनी १९७३ च्या एका निबंधात दाखवून दिले की, कथात्म गद्यात हा निर्बंध शिथिल होतो. निवेदक जेथे वृत्तांत देणारा साक्षी उरत नाही, तेथे पात्राचे अंतरंग थेट सांगता येते. मराठी निवेदकाला असा परवाना मागावाच लागत नाही. म्हणून मराठी नैतिकदृष्ट्या सैल ठरते काय? ‘बाळाला दूध हवे’ असे म्हणणारी आई पुराव्यासाठी थांबत नाही, आणि थांबली तर ती हेळसांड होईल. पण ‘मुलीलाच हे स्थळ हवे आहे’ असे परस्पर सांगणारा वडीलधाराही तेच व्याकरण वापरतो. बाळ तोंड फिरवून आईचे विधान खोडू शकते. त्या मुलीला बैठकीत बोलावलेलेच नसते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत असलेल्या महानुभावांपुढे हाच प्रश्न नित्य उभा होता. प्रभूंचे वागणे लोकविलक्षण, कित्येकांच्या लेखी वेडाचे. त्यांना नेमके काय हवे, हे कोणी ठरवावे? भाषा ‘हवे’ म्हणण्यास आडकाठी करीत नव्हती. तरीही म्हाइंभटांच्या संकलनाचा भर उक्ती व कृती नोंदण्यावर आहे. आठवणींत भेद पडला, तर तो सांगणाऱ्याच्या नावानिशी जपण्याची परंपरा पंथात रूढ झाली, आणि अशा भेदाला ‘वासना’ म्हटले गेले. वासना म्हणजे मुळात मनावर उरलेला संस्कार. पुढे मराठीत या शब्दाला बहुधा इच्छेचा, तोही हीन इच्छेचा, अर्थ चिकटला. या पोथ्यांत मात्र तो सांगणाऱ्याच्या स्मृतीची मर्यादा दाखवतो. एकाच लीळेच्या दोन वासना तेथे शेजारी नांदतात, आणि संकलक त्यांतली एक पुसून टाकीत नाही.