लदेणी आणि मोबाइल

पोहरादेवीच्या बंजारा विरासत संग्रहालयाची इमारत नगाऱ्याच्या आकाराची आहे. ५ ऑक्टोबर २०२४ला तिचं उद्घाटन झालं. ती बघताना मला सारखी रेल्वे आठवत होती. गोरमाटी म्हणजे बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत, ही लदेणी. १८५३ला मुंबई-ठाणे गाडी धावली, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत रूळ वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचले आणि गोणी डब्यात चढल्या. रेल्वे नको होती असं कोण म्हणेल? पण त्या सुधारणेची किंमत बैलवाल्याने भरली आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

नवं तंत्र आलं की कर्मचारी अडून बसतात, त्यांचं मन कसं वळवायचं, यावर हल्ली भरपूर प्रशिक्षणं होतात. मन वळवायचं ते त्यांचंच, हे आधीच ठरलेलं असतं.

ऑगस्ट २०२१मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. बायांना शिकायचंच नाही, असं तेव्हा सहज म्हटलं गेलं. त्यांची तक्रार ऐका: २०१९ला दिलेला फोन तापतो, अडकतो, दुरुस्तीचा खर्च आमच्या गळ्यात पडतो आणि नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत आहे. त्यांनी मागितलं काय, तर चांगला फोन आणि मराठी ॲप. याला विरोध म्हणायचं? मला तर तो फुकट मिळालेला तपासणी अहवाल वाटतो.

पोहरादेवीच्या आसपासचा तेव्हाचा एखादा तांडा डोळ्यांपुढे आणा. लेकरू घरी गोरबोली बोलतं. सेविका त्याला काट्यावर ठेवते, वजन मराठीत वहीत टिपते आणि मग त्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग जुळवत बसते. तोवर लेकरू काट्यावरून उतरून अंगणात.

फोन पुढे बदलले, भाषाही आल्या. आता अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवावी लागते. १ जुलै २०२५पासून ते सक्तीचं झालं. आहार दुसऱ्याच कुणाच्या घशात जाऊ नये हा हेतू रास्तच आहे. चोरी होत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण आईने कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करण्याआधी आधारची पडताळणी हवी, म्हणजे ओटीपी हवा. घरात मोबाइल एकच, तोही नवऱ्याच्या खिशात आणि नवरा ऊसतोडीला. रेंज मिळाली तर फोन लावायचा, त्याने कोयता बाजूला ठेवून आकडे वाचून दाखवायचे आणि मुदत संपायच्या आत ते इकडे टाकायचे.

आई दारात उभी आहे, कडेवर पोर. पाकीट सेविकेच्या हातात आहे. ही आई लग्न होऊन तांड्यावर आली तेव्हापासून सेविका तिला ओळखते.