मिंधेपण आणि साक्ष

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण घरात हसण्यावारी जाते. परंतु सत्तेच्या जुलमाविरुद्ध साक्ष देणे हेच जिचे काम, त्या संस्थेने पोळी कोणाची खावी?

१९६१ साली लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांनी कैद्यांच्या हक्कांसाठी अॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था काढली. पुढे ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, गोऱ्यांच्या राजवटीने अनेकांना तुरुंगात डांबले. त्यांच्या बायकामुलांना मदत पोहोचवण्यासाठी बेनेन्सन यांनी ब्रिटिश सरकारचा पैसा गुपचूप घेतला. १९६७ साली ही गोष्ट उघडकीस आली आणि त्यांना संस्थेतून बाहेर पडावे लागले.

कोणी म्हणेल, उपाशी मुलाच्या तोंडी घास पडला, तर तो कोणाच्या पैशाचा हे कशाला पाहावे? हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. भूक खरी होती आणि कळवळाही खरा होता. परंतु त्याच सुमारास एडनमध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातील कैद्यांचा छळ होतो, असा आरोप हीच संस्था करीत होती. ज्याच्यावर आरोप करावयाचा, त्याच्याच पैशासाठी हात पुढे केला, आणि तोही लपवून, तर साक्षीवर विश्वास कोणी ठेवावा?

सरकार टाळले म्हणजे सुटलो, असेही नाही. सरकारी पैसा न घेणाऱ्या ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने एका सौदी उद्योगपतीची ४,७०,००० डॉलरची देणगी परत केल्याचे २०२० साली जाहीर केले. मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेत समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या कामाला ती वापरू नये, अशी तिला अट होती. अट मान्य केली, म्हणजे काही पीडितांना आधीच वगळले!

आपल्या देशात जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने १९७६ साली उभी राहिलेली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज देशी वा परदेशी संस्थांचे अनुदान घेत नाही. सभासदच खर्च सोसतात. अशाने काम संथ चालते, हात आखडता घ्यावा लागतो. पण जीभ मोकळी राहते.

वाचकहो, निर्भय साक्ष सर्वांनाच हवी असते. तिचा खर्च मात्र दुसऱ्याने करावा, असे वाटते. आपण थोडेथोडे दिले नाही, तर एखादा मोठा दाता सगळेच देईल, आणि मग टाळीही त्याचीच वाजवावी लागेल. तेव्हा अशा संस्थेला मिंधी म्हणून नावे ठेवण्यापूर्वी, आपण तिला काय दिले, हे आपणच आपल्याला विचारावे.