उचलणारा हात

गेले काही महिने दिवसभराचं भाषांतर संपलं की मी व्हिडिओ गेम खेळते. दोनच प्रकारचे. एक, गाड्यांच्या शर्यती. खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल करणाऱ्या नव्हेत. वळणावर गाडी बिनधास्त घसरवता येते आणि कठड्यावर आदळली तरी पुढच्या क्षणी ती पुन्हा रस्त्यावर असते, अशा. दुसरा प्रकार म्हणजे चौघांनी मिळून खेळायचे गोळीबाराचे खेळ. चाळिशी ओलांडलेल्या, तौलनिक साहित्य शिकलेल्या बाईला हे शोभतं का, असं विचारणारे भेटतात. त्यांचा आक्षेप बहुधा हिंसेवर असतो, आणि माझं उत्तर तयार असतं: पडद्यावर मरणाऱ्या झाँबीच्या मागे कोणी नसतं. तिथलं मरण खोटं आहे.

पण हे उत्तर दिलं की दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो मला जास्त छळतो. मरण खोटं, तर त्याच खेळात एकमेकांना वाचवणं तरी खरं कसं?

‘लेफ्ट फोर डेड 2’ हा 2009 सालचा खेळ घ्या. चार माणसं आणि भोवती झाँबींचे लोंढे. जखमी होऊन कोसळलात की स्वतःहून उठता येत नाही. भिडूने यावं लागतं, काही सेकंद तुमच्यापाशी थांबून तुम्हाला उठवावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याला बंदूक चालवता येत नाही. पुण्याहून खेळणारा माझा भाचा ओरडतो, “मावशी, पडलोय, ये!” आणि मी जाते. मराठी मुलांना यात नवं काही नाही. विषामृतात ज्याच्यावर राज्य, तो ‘विष’ म्हणून शिवला की जागच्या जागी थिजायचं. भिडूने धावत येऊन ‘अमृत’ म्हणत हात लावला की सुटायचं. सोडवायला जाणारा स्वतःच पकडला जाण्याची भीती असतेच. खेळाची निम्मी गंमत त्यातच असते.

मला हे वाचवणं खोटं वाटत नाही. झाँबीच्या मागे कोणी नसतं, पण भाच्याच्या आकृतीमागे भाचा असतो. मी थांबते ती त्याच्यासाठी, आणि थांबल्यामुळे माझा डाव जाऊ शकतो. रक्त खोटं असलं तरी दिलेला वेळ खरा असतो. कधी चौघांत अनोळखी माणसं असतात, एकमेकांची भाषाही येत नसते, तरी ती उचलायला येतात. इथवर सगळं ठीक आहे.

अडचण पुढे आहे. मी मुनिरकात राहते. 16 डिसेंबर 2012 च्या रात्री ती तरुणी आणि तिचा मित्र त्या खासगी बसमध्ये चढले ते इथल्याच थांब्यावरून. अत्याचार आणि मारहाण करून दोघांना महिपालपूरजवळ रस्त्याच्या कडेला फेकून देण्यात आलं. मित्राने नंतर जाहीर मुलाखतीत सांगितलं की येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या हळू होत, माणसं पाहत आणि निघून जात. त्यांच्यापैकी कित्येकांनी लहानपणी कुठल्या ना कुठल्या पकडापकडीत भिडूला जिवाच्या आकांताने सोडवलं असेल. मग तो गुण गेला कुठे?

कदाचित तो त्यांचा नव्हताच, खेळाच्या नियमांचा होता. माझ्या खेळात पडलेल्या भिडूची आकृती भिंतीपलीकडूनही उजळून दिसते. तो कोण, कुठला, प्यायलेला आहे का, असे प्रश्न मनात येत नाहीत. ठाण्यात जबाब द्यायचा नसतो, कोर्टाच्या तारखा नसतात, कपड्यांना रक्त लागत नाही. शिवाय त्याच्यावाचून मी फार वेळ टिकणार नसते. मदत करणं हाच तिथला शहाणपणा असतो. आपल्या कायद्यालाही पुढे हे उमगलं. अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नको, त्याला त्रास नको, ही मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम 134ए आलं. उचलणाऱ्याला मोजावी लागणारी किंमत कमी करायची, एवढंच त्यामागचं सूत्र.

शर्यतीच्या खेळांत याची दुसरी बाजू दिसते. सेगाच्या 1986 सालच्या ‘आउटरन’मध्ये खरा प्रतिस्पर्धी घड्याळ आहे. वेळ संपायच्या आत पुढचा टप्पा गाठायचा. तिथे घाई निखळ आनंदाची होऊ शकते, कारण कोणासाठी थांबायचा प्रश्नच येत नाही. 1973 साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांच्या वाटेत एक माणूस कण्हत बसवला होता. कोण थांबणार, हे मुख्यतः घाईवरून ठरलं. बायबलमधल्या परोपकारी शोमरोन्यावर बोलायला निघालेले विद्यार्थीही घाईत असले तर बहुतेक थांबले नाहीत.

यातून चांगुलपणा माणसात नसतोच, असं मी म्हणत नाही. मदत सोपी करणारे नियम कोणीतरी मागावे लागतात, त्यांसाठी वर्षानुवर्षं भांडावं लागतं, आणि तोही चांगुलपणाच. पण रोज रात्री चार वेळा भाच्याला उचलते म्हणून मी मदतीला धावणारी बाई ठरत नाही. खेळाचा आनंद मी घेत राहीन, त्याला पुण्याईत जमा धरणार नाही. इथल्या आउटर रिंग रोडवर पडलेल्या माणसाभोवती कोणी उजळ रेघ आखून ठेवत नाही. ती आपल्याच नजरेने आखावी लागते, तीही घाईत असताना, आणि ते मला जमेल याची हमी कुठलाच खेळ देत नाही.