गढीची माती

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. तिच्या काठच्या सपाट काळ्या रानात किल्ल्याला लागणारी उंची निसर्गाने दिलेली नाही. अशा मुलखात देशमुख-पाटलांनी ती मातीतूनच उभी केली. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत दिसणारी गढी ती हीच: खाली दगडी पाया, वर पांढऱ्या मातीचे जाड बुरूज, आत वाडा आणि धान्याची पेवं. 1066 नंतर इंग्लंडमध्ये नॉर्मन सरदारांनीही हेच केलं. खंदक खणायचा, त्याच मातीचं टेकाड रचायचं, वर लाकडी मनोरा. मनोरे कुजून गेले, टेकाडं राहिली. त्यांतली अनेक आज कायद्याने संरक्षित आहेत.

आपल्याकडे 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. मराठवाड्यातला मात्र त्यांत एकही नाही. गढीला तर कोणी किल्लाही म्हणत नाही. माळवद कोसळलं की पाऊस भिंतीत शिरतो, ओघळी पडतात. उरलेलं काम गुप्तधन शोधणारे आणि जेसीबी करतात.

पण गढीची माती शेतात नेणाऱ्या शेतकऱ्याला मी दोषी धरू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिल्यामुळे पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीत, राख, शेण, हाडं मुरलेली असतात. ती पिकाला मानवते. शिवाय ही माती डोक्यावरून वाहिली कोणी? गावातल्या राबणाऱ्यांनीच, आणि कित्येकदा वेठीला धरल्यामुळे. 1949 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या संपल्या. त्यानंतर त्या कष्टकऱ्यांच्या नातवंडांनी तीच माती आपल्या रानात पसरली, तर त्यात मला न्यायच दिसतो.

तरीही मन अडतं. गढी बहुधा जुन्या पांढरीवरच बांधलेली असते, आणि पांढरीच्या पोटात काय असतं हे याच जिल्ह्यातल्या भोकरदनने दाखवलं आहे. तिथल्या 1973 च्या उत्खननाने सातवाहनकाळचं भोगवर्धन उजेडात आणलं. त्यात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट पाँपेईत मिळालेल्या मूर्तीची आठवण करून देते. एक ट्रॉली भरताना असे किती थर एकत्र कालवले जात असतील!

प्रत्येक गढी राखा, असं मी म्हणणार नाही. ते गावाला झेपणारंही नाही. मात्र माती हलण्याआधी गढीचं मोजमाप, नकाशा आणि उघड्या पडलेल्या कडेची छायाचित्रं व्हावीत. कुठल्या थरातून खापर निघालं, कुठून नाणं, हे लिहून ठेवावं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले इतिहासाचे विद्यार्थी आणि गावातली जुनी माणसं मिळून एका उन्हाळ्यात घनसावंगी तालुक्यापासून हे सुरू करू शकतील.